काल येतो म्हणालो

मास्तरांची बायको जिवंत आहे हे मला सहन होत नाही. लिहायला वाईट वाटतं, पण खरं आहे ते आधी लिहून टाकलेलं बरं. त्या बाईंनी माझं कधी काही बिघडवलं नाही. माझी बायको गेल्यापासून दर रविवारी माझ्या दाराशी डबा ठेवतात. मी तो खातो, घासून परत देतो, आणि देताना दर वेळी मनात येतं की ही आहे आणि ती नाही, असं कसं काय.

सिल्वासाजवळ सामरवरणीत आमची दारं समोरासमोर. मास्तर कोकणातले, सरकारी शाळेत लागले म्हणून इकडं आले. मी अमळनेरकडचा, चौथी शिकलेला. धाग्याच्या कंपनीत मशीनवर उभा राहून केस पांढरे केले. मास्तरांनी रिटायर झाल्यावर एक पांढरी गाडी घेतली आणि दर उन्हाळ्यात दोघं नवराबायको गाडी घेऊन जंगलं बघत फिरतात. गावागावांतून थांबत जातात. कुठं चहा घेतात, कुठं बाजार बघतात. परत आले की वहिनींचं तोंड उन्हानं रापलेलं असतं आणि मास्तर दारात उभे राहून आठ दिवस तेच तेच सांगत असतात.

सात उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. मी म्हणालो, कंपनीत माणसं कमी आहेत. माणसं कमी होती, पण मी नाही म्हणालो ते त्यासाठी नाही. मास्तरांच्या गाडीत मागं बसायचं मला जमणार नव्हतं. हिला म्हणालो, तुला जायचं तर जा. मला वाटलं, जाणार नाही. ती गेली.

आठ दिवसांनी आली. पिशवी आणि एक पोतं खाली ठेवायच्या आधीच सांगायला लागली, "अहो, तिथं ना एक नदी आहे." मी म्हणालो, "आधी भाकरी टाक. आठ दिवस खानावळीचं खातोय." तिनं भाकरी टाकली. नंतर तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी ती वारली. त्या नदीचं नावही मला माहीत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कंपनीत आमचा सुपरवायझर गुजराती. मशीनवरची निम्मी माणसं युपी-बिहारची. गुजरातीत गेलेला दिवस काले आणि येणारा दिवसही काले. हिंदीत दोन्हीला कल. सुपरवायझर "काले आवजो" म्हणाला की दुसऱ्या दिवशी यायचं. वर्षभरात मीही तसंच बोलायला लागलो, आणि ते बोलणं डब्याबरोबर घरी आलं. लग्न होऊन ती सिल्वासाला आली त्याच आठवड्यात मी म्हणालो, "काल वांगी आणतो."

तिनं पोळपाटावरून मान वर केली. "काल आणली असती तर आज भरीत झालं असतं," ती म्हणाली.

आमच्या गावाकडं उद्याला सकाय म्हणतात. तो शब्द माझ्या तोंडून कधी गळाला ते मला कळलं नाही. तिला मात्र जन्मभराचं खेळणं मिळालं. गॅस संपला की विचारायची, "काल आणणार ना?" माहेरी जायचं म्हटलं की "काल जाऊ" म्हणायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. आजारपणातही हसली. मी तो शब्द मुद्दाम सुधारला नाही. चार भिंतींच्या आत आम्हा दोघांचं असं तेवढंच होतं. बाहेर तर मी जपायचो. मास्तर शुद्ध बोलणारे. त्यांच्यासमोर मी एकेक शब्द निवडून उद्या म्हणायचो.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी मास्तर दारात आले. म्हणाले, "भाऊ, चला. त्याच रस्त्यानं जातोय. वांसदा, मग खानदेशातून मेळघाट. मागची सीट रिकामीच असते."

त्याच रस्त्यानं, म्हणजे ती गेली त्या रस्त्यानं. मी हो म्हणालो. मला जंगल बघायचं नव्हतं. तिचे आठ दिवस मास्तरांकडं पडून होते, ते मला परत हवे होते.

कपड्यांची पिशवी घेतली आणि माझी उशी घेतली. लहानशी, हलकी, हिनं शिवलेली. दुसऱ्या उशीवर माझी मान धरते. मास्तरांनी डिकी उघडी धरली होती. ते उशीकडं बघत राहिले.

"लॉजमध्ये उश्या असतात, भाऊ."

"असू देत."

"अगं, भाऊंनी उशी घेतलीय."

वहिनींनी पुढच्या सीटवरून वळून पाहिलं. उशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "घेऊ द्या त्यांना." आणि पुढं बघायला लागल्या.

नानापोंढा, धरमपूर, वांसदा. रस्ता चांगला होता आणि माझं पोट जळत होतं. आरसा असा होता की मला दोघंही दिसायची. मास्तरांचा चष्मा घामानं घसरला की वहिनी हात लांब करून तो काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि परत कानावर ठेवायच्या. मास्तर त्या दोन मिनिटांत गाडी हळू करायचे, बस. आभार नाहीत की काही नाही. वहिनी कोकमाचं सरबत झाकणात ओतून द्यायच्या. त्यातलं एक झाकण मलाही मिळायचं, पण ते आधी मास्तरांचं होऊन यायचं.

वघईच्या अलीकडं दोघांचं भांडण झालं. पाण्याच्या बाटलीचं बूच कुणी हरवलं यावरून. आहव्याला पोचेपर्यंत चाललं होतं.

"तुम्हीच उघडी ठेवलीत."

"मी गाडी चालवतोय. मी कशाला बूच काढीन?"

"मग काय बुचाला पाय फुटले?"

मी मागं बसून ऐकत होतो. दोन वर्षांत माझं कुणाशी भांडण झालेलं नाही. भांडायला घरात दुसरं माणूस लागतं. बूच माझ्या पायाखाली सापडलं. मी ते उचललं आणि खिशात ठेवलं. मला वाटलं असेल, यांना बूच नको मिळायला. दुसऱ्या दिवशी गुपचूप सीटवर ठेवून दिलं.

त्याआधी वांसद्याच्या जंगलात थांबलो होतो, तिथं बांबूच बांबू होता. वाळलेला, पायाखाली कडकड वाजणारा. वनखात्याची कमान आहे, तिथून थोडं आत गेलं की एक उतार लागतो. तिथं मास्तर थांबले. "ताई इथं घसरल्या होत्या," ते म्हणाले. "बसल्या बसल्याच खाली गेल्या. आणि खाली जाऊन टाळ्या वाजवतायत."

"माझ्या बायकोनं टाळ्या वाजवल्या?"

"परत वर आल्या आणि परत घसरल्या. मुद्दाम."

मी त्या उताराकडं पाहत राहिलो. पाचोळाच होता. मी तिला घसरताना पाहिलं नव्हतं, टाळ्या वाजवताना पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर ती पाय जपून टाकायची. या माणसानं पाहिलं. सात वर्षं त्याच्या डोक्यात ते आहे आणि तो ते असं रस्त्यात उभं राहून वाटतोय.

मग पुढं तेच सुरू झालं. नवापूरच्या बाजारात ताईंनी मोहाची फुलं हुंगली. नवापूरच्या पुढं ताईंनी गाडीत गाणं म्हटलं. साक्रीत वहिनींना त्या वेळी मागच्या सीटवर मळमळायला लागलं नव्हतं का, असं मास्तरांनी विचारलं, आणि वहिनी म्हणाल्या, "नाही, उलट. मळमळ ताईंना होत होती, म्हणून दोन दिवस त्या पुढं बसल्या." म्हणजे मास्तरांच्या शेजारी. दोन दिवस. मी खिडकीबाहेर पाहिलं. कपाशीची रिकामी रानं, उन्हानं फाटलेली. मला वाटलं, मळमळ होत होती तर घरी यायचं होतं.

अमळनेरला आपल्याकडची शेवभाजी खाऊ घातली. मला वाटलं, इथं तरी मी पुढं होईन. वहिनी पहिल्या घासालाच म्हणाल्या, "ताईंनी इथंच नेलं होतं आम्हाला. हेच बाक." मी तर्रीचा वाटीभर रस्सा प्यालो.

चोपड्याच्या पुढं मास्तर म्हणाले, "भाऊ, एक काम करा. सेमाडोहला ज्यांच्या घरी उतरतो त्यांना फोन लावा. दोनच खोल्या आहेत त्यांच्याकडं. उद्या दुपारी येतो, तिघं आहोत, जेवायला आहोत, एवढं सांगा." वहिनी झोपल्या होत्या. तीन दिवसांत मला पहिल्यांदा काम मिळालं. मी सरळ बसलो. घसा साफ केला.

फोन लागला पण आवाज तुटत होता. मी मोठ्यानं म्हणालो, "आम्ही तिघं जण. काल दुपारी येतो. जेवायला असू."

"तिघं जन, काल दुपारी? हो जी, हो. लक्षात हाय. काई राह्यलं का तुमचं?"

मी म्हणालो, "नाही, राहिलं काही नाही."

"मंग ठीक हाय जी."

मी फोन ठेवला. मास्तर म्हणाले, "झालं?" मी म्हणालो, "झालं. लक्षात आहे म्हणाला. चांगला माणूस आहे, आणखी काही राहिलं का तेही विचारलं." बऱ्हाणपूर येईपर्यंत मी छाती पुढं काढून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी धारणी, हरिसाल करत दुपारी सेमाडोहला पोचलो. सागाची जंगलं, पानं गळून नुसते खांब उभे. घर रस्त्याला लागूनच, पुढं पडवी, कौलं. अंगणात दुसरीच एक गाडी उभी होती आणि तारेवर परक्या पोरांचे कपडे वाळत होते. घरधनी बाहेर आले. मास्तर म्हणाले, "काल फोन केला होता आम्ही. तीन जण."

"तुमी फोन केलता? मंग तुमी परवा आले नव्हते काय?" घरधनी म्हणाले. "परवा दुपारी तिघं जन आले होते, जेवले अन् गेले. मले वाटलं थेच हायेत, काई इसरून गेले असन म्हनून फोन करून राह्यले. म्या इचारलं बी, काई राह्यलं का."

मास्तर माझ्याकडं वळले. "भाऊ, तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं की, दुपारी येतो म्हणून."

"कधी?"

मी तोंड उघडलं आणि मला कळलं. उन्हात उभा होतो तरी कानाच्या पाळ्या वेगळ्या तापल्या. "काल," मी म्हणालो.

मास्तरांनी डोक्याला हात लावला. चार दिवस गाडी चालवून थकलेला माणूस. पण वहिनी हसायला लागल्या. पडवीच्या खांबाला धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "अहो, काल येतो म्हणाले. आपलं काल."

आपलं, असं म्हणाल्या.

"आपलं म्हणजे?" मी विचारलं.

वहिनींचं हसू थांबलं नव्हतं अजून. "ताई सांगायच्या ना. आठ दिवस तेच चाललं होतं आमचं. जिथं जाऊ तिथं, काल परत येऊ, काल परत येऊ. हे सुद्धा म्हणायचे."

मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणजे हे सुद्धा म्हणायचे. मी शुद्ध मराठीतला उद्या जिभेवर घोळवून त्यांच्यासमोर बोलत होतो, आणि ते सात वर्षं आतून हसत होते. पण ते एक वेळ सोडा. तो शब्द आमच्या घरातला होता. पोळपाटाशेजारचा. तिनं तो उचलून दुसऱ्यांच्या गाडीत नेला होता.

मी डिकीतून उशी काढली आणि पडवीतल्या एका बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. मास्तर मागून म्हणाले, "वा. खोली घालवली आणि वर तोंडही यांचंच फुगलं." वहिनी त्यांना म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा." घरधन्यांनी पडवीतच आणखी दोन बाजा टाकून दिल्या. जेवायला वांग्याची भाजी होती. मी अर्धी भाकरी खाल्ली.

सकाळी उठून तोंड धुतलं, पिशवी भरली, उशी काखेत मारली आणि फाट्यावर जाऊन बसलो. बसनं बऱ्हाणपूर, पुढचं पुढं. सिल्वासापर्यंत किती बसा बदलाव्या लागतील ते माहीत नव्हतं. मास्तरांचं तोंड परत बघायचं नाही असं ठरवलं होतं. समोरासमोर दारं असताना ते कसं जमवायचं याचाही विचार करत होतो. दार मागच्या बाजूला पाडता येईल का, इथपर्यंत गेलो होतो.

थोड्या वेळानं वहिनी आल्या. एकट्याच. हातात चहाचा थर्मास आणि दोन पेले. माझ्या शेजारी कट्ट्यावर बसल्या.

"बस कितीची?"

"नऊची म्हणतात."

"म्हणजे वेळ आहे. चहा घ्या."

घेतला. मग मी बोललो. मला गोड बोलता येत नाही, तेव्हाही आलं नाही. म्हणालो, "वहिनी, तुम्ही दोघांनी माझ्या बायकोचे आठ दिवस घेतलेत. ते घेतलेत ते घेतलेत. वर तिच्या तोंडून मला हसलात."

"हसलो," त्या म्हणाल्या. "लपवू कशाला? पोट दुखेपर्यंत हसलो. हसवणारी तुमचीच बायको होती. ती रडत बसली असती आमच्या गाडीत, तर तुम्हाला बरं वाटलं असतं?"

खरं सांगायचं तर, थोडं बरं वाटलं असतं. मी तसं म्हणालोही.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "रडल्या नाहीत. खोटं नाही सांगणार."

"आठवण तरी काढायची का?"

"रोज नाही."

मी पेला खाली ठेवला. रस्त्यावरून दोन बाया डोक्यावर टोपल्या घेऊन गेल्या, त्या वहिनींना काहीतरी म्हणाल्या, वहिनी हसल्या. मला परत राग आला. या बाईंना इथंही माणसं ओळखतात.

"भावजी, ही उशी कशाची आहे?"

"कापसाची."

"कुठल्या कापसाची?"

"कुठल्या म्हणजे? दुकानातल्या. हिनं घरी शिवली."

"कधी शिवली?"

मी आठवायला लागलो. मान धरायला लागली तेव्हा. एक दिवस कामावरून आलो तर अंथरुणावर होती. मी डोकं टेकलं आणि झोपलो. कुठून आणली ते विचारलं नव्हतं. विचारायची मला सवयच नव्हती.

"चला," वहिनी म्हणाल्या. "वीस पावलं आहेत. बस दिसेल तिथून."

वीस नव्हती, शंभर होती. उतार होता, दगड होते. खाली नदी. सिपना म्हणतात तिला. उन्हाळ्यात वाहत नाही, डबकी डबकी उरतात आणि मधे पांढरे गोटे. काठाला काटेसावरीची तीन-चार मोठी झाडं, अंगावर काटे. बोंडं फुटली होती. वारा फारसा नव्हता तरी कापूस उडत होता. पाण्यावर साचला होता, गोट्यांमधे अडकला होता, झुडपांना लागला होता. वहिनींच्या केसांवर आला, माझ्या भुवयांवर आला. मी हातानं पुसला आणि तसाच उभा राहिलो. कंपनीतून आलो की माझ्या भुवयांवर, कानांत असेच तंतू असायचे. जेवायला बसायच्या आधी ती समोर बसून एकेक वेचायची. मला भूक लागलेली असायची, मी म्हणायचो, राहू दे गं.

"इथं उतरल्या तशा ताई थांबल्या," वहिनी म्हणाल्या. "म्हणाल्या, अगं बाई, आमच्या ह्यांच्या कंपनीच्या खात्यातला कचरा इथपर्यंत उडत आला. मग त्या गोट्यावर बसल्या. तो, तिकडचा. म्हणाल्या, आठ दिवसांत हे एकच असं आहे की हे त्यांना दाखवायला हवं. दुसरं काही त्यांना आवडणार नाही. हे काल दाखवते, म्हणाल्या."

मी त्या गोट्याकडं पाहिलं.

"घरवालीकडून पोतं मागून घेतलं. खाली पडलेला तेवढा आम्ही दोघींनी वेचला. दुपार गेली सगळी. हे वर गाडीत बसून ओरडत होते. गाडीत पोतं ताईंच्या मांडीवर. डिकीत ठेवू देईनात, म्हणे दाबलं जाईल. मला वाटलं होतं घरी गेल्यावर त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला."

"सांगत होती," मी म्हणालो. "मी भाकरी टाकायला सांगितली."

वहिनींनी केसांतला कापूस काढला. मग म्हणाल्या, "तुम्ही मूर्ख आहात, भावजी."

"हो."

वर रस्त्यावर बस येऊन थांबल्याचा आवाज झाला. दोनदा हॉर्न वाजला. मी त्या गोट्यावर जाऊन बसलो. गोटा तापायला लागला होता. उशी मांडीवर होती. बस निघून गेली.

वर आलो तर मास्तर फाट्याजवळ गाडी आणून दार उघडं टाकून बसले होते.

"बस गेली," ते म्हणाले.

"ऐकली."

"मग बसा. जंगलाची जीप दहाला सुटते." आणि मी बसल्यावर, आरशात न बघता, म्हणाले, "मी दोनदाच म्हणालो होतो तसं. काल म्हणून. फार नाही."

"चार वेळा," वहिनी म्हणाल्या.

जंगलात वाघ दिसला नाही. एक गवा दिसला, प्रचंड, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. मास्तरांना वाघ न दिसल्याचं फार लागलं. मला आनंद झाला. मागच्या वेळी दिसला होता का, विचारलं. नाही म्हणाले. बरं झालं. तिनं पाहिलेला वाघ मास्तरांनीही पाहिला असता, तर मला तेवढं आणखी सोसावं लागलं असतं.

परतीच्या वाटेवर मी वहिनींना म्हणालो, "पहिल्या दिवसापासून सांगा. काही सोडू नका." त्यांनी सांगितलं. धारणीला सांगायला सुरुवात केली, ते साक्री आलं तरी चालू होतं. कुठल्या ढाब्यावर काय खाल्लं, कुठल्या लॉजचा पंखा बंद होता, ताईंनी मॅनेजरला काय सुनावलं. त्या तिची नक्कल करत होत्या, मान वाकडी करून, आणि नक्कल चांगली होत होती, आणि मला ते आवडत होतं आणि मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता. कुठं चुकलं की मी पकडायचो. "चहात साखर दोन चमचे" म्हणाल्या, मी म्हणालो, "दीड." "ताई वांगं खायच्या नाहीत" म्हणाल्या. मी म्हणालो, "खायची. तुमच्या हातचं खात नसेल." मास्तर मोठ्यानं हसले. त्या दिवसातलं मला जमलेलं तेवढंच.

वांसद्याच्या पुढं मास्तरांनी मान चोळायला सुरुवात केली. म्हणाले, "भाऊ, जरा ती उशी द्या. मानेमागं घेतो. आखडलीय."

"नाही," मी म्हणालो.

"दहा मिनिटं."

"नाही देत."

मास्तर एका हातानं मान चोळत राहिले. धरमपूर आलं. वहिनी खिडकीला डोकं टेकून डुलक्या काढत होत्या, खड्डा आला की डोकं काचेवर आपटत होतं. दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आधी मी हात पुढं केला आणि उशी काचेच्या आणि त्यांच्या डोक्याच्या मधे घातली. निम्मा कापूस त्यांनीच वेचलेला. त्या जाग्या झाल्या नाहीत. मास्तरांनी आरशातून पाहिलं आणि परत रस्त्याकडं बघायला लागले, ते बरं केलं.

सामरवरणीपर्यंत झोपल्या. तोंड उघडं टाकून. मी मागून पाहत होतो. तिच्या मांडीवर बसून आलेल्या कापसावर दुसरीच बाई झोपली होती, आणि मला वाटत होतं, उठावं आणि उशी काढून घ्यावी. घर येईपर्यंत वाटत होतं. काढून घेतली नाही. गाडी थांबल्यावर मात्र आधी तीच मागितली, पिशवी नंतर.

आता खोळ धुतलीय. उशीला त्यांच्या खोबरेल तेलाचा वास लागलाय. हिचं तेल वेगळं होतं. बाहेर ऊन चांगलं पडतं हल्ली, उशी टाकायला हवी. काल टाकतो.